सुईची शिकवणी

"ग्लुकोजचा मोठा डबा द्या, ताई. अन् उलटीची गोळी."

देविकानं डबा काढून काउंटरवर ठेवला. लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत तिचं मेडिकल होतं. ग्लुकोज रोजच खपायचं. "कुणाला पाहिजे?"

"पोरीला, शिवांगीला. डॉक्टरकीची तयारी करायलीय हितं. उद्या टेस्ट हाय." किल्लारीहून आलेल्या श्रीमंतनं बाहेरच्या रिक्षाकडं बोट केलं. "कालपासून उलट्या. मेसचं खाणं बाधलं जणू. तहान तर भागतच न्हाई तिची. तांब्यावर तांब्या पाणी, अन् सारखं बाथरूमला. लई वाळली."

देविकाचा हात डब्यावरच राहिला. "कधीपासून वाळली?"

"दिवाळीत चांगली होती की."

तिनं डबा आत ओढला, शुगर तपासायचं यंत्र उचललं आणि रिक्षाकडं धावली.

शिवांगी सीटवर कलंडली होती. श्वास खोल, भराभर चाललेला. तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास. बोट टोचलं तरी तिनं हात मागं घेतला नाही. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मापाबाहेर गेली होती.

"मामा, हे खाण्याचं नाही. रक्तात शुगर भयंकर चढलीय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"एखादी सलाईन लावून भागंल का? उद्याच्या मार्कांवर वरची बॅच मिळणार हाय तिला. वर्षभर मरमर केली पोरीनं."

"ती बेशुद्ध होत चाललीय, मामा! हाक मारून बघा."

"शिवा," श्रीमंतनं हाक मारली. मग पुन्हा, मोठ्यानं. पापण्या नुसत्या हलल्या. तो रिक्षात चढला आणि पोरीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं.

शटर ओढून देविका ड्रायव्हरशेजारी बसली आणि तिनं ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. काय दिसलं ते भराभर सांगितलं.

"आणा, सगळं तयार ठेवतो," डॉक्टर म्हणाले. "वाटेत तिला बोलतं ठेवा."

गांधी चौकात रिक्षा अडकली. देविका मागं वळून शिवांगीला नाव विचारत राहिली, गाव विचारत राहिली. आधी एखादा पुटपुटलेला शब्द आला. मग नुसता हुंकार. दवाखान्याच्या दारात तोही आला नाही.

पोरगी वाचली. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी बापलेकीला देविकाकडं पाठवलं. रोजचं इन्सुलिन स्वतः टोचून घ्यायला तिनं शिकवावं, असं ठरलं होतं.

देविकानं सरावासाठी रिकामी सिरिंज शिवांगीच्या हातात दिली. सुई पोटाजवळ नेली की ती पुन्हा मागं घ्यायची.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

शिवांगीचे डोळे भरून आले. सिरिंज तिनं काउंटरवर ठेवून दिली.

श्रीमंतनं नवी सिरिंज मागून घेतली आणि तिच्यापुढं धरली. दुसऱ्या हातानं सदरा वर केला.

"हे घे," तो म्हणाला. "आधी माझ्यावर शिक."