ताटावरचा हात

रखमाजींनी ताटावर हात आडवा धरला. वेटर "ओके सर" म्हणाला आणि गरम रोट्यांची टोपली घेऊन पुढच्या टेबलाकडे निघून गेला.

रखमाजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं.

गुंजवण्याच्या रखमाजींचं जेवण वेल्ह्यापासून भोरपर्यंत प्रसिद्ध होतं, पण त्याहून प्रसिद्ध होता त्यांचा नकार. तीनदा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. पंगतीत जिलबी आली की ते दोन्ही हात ताटावर धरत, तोंडानं नको नको म्हणत आणि बोटं तेवढी फाकवून ठेवत. वाढपी जाणता असायचा. जिलबी बरोबर फटीतून ताटात पडायची. आता गावाकडेही लग्नात बुफे असतो, पण रखमाजी रांगेत उभे राहत नाहीत. कुणीतरी भाचा ताट भरून आणतो आणि शेजारी बसून आग्रह करतो.

इथं दिल्लीत भाचा कुठून आणायचा? मुलगा सोमनाथ फौजेत, गुवाहाटीला. नातीच्या बारशाला रखमाजी आणि ठकुबाई, दोघं नवराबायको, निघाले होते. पुण्याचं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं. मग विमान कंपनीनं सगळ्या प्रवाशांना थंडगार बसमधून फाईव्ह स्टार हॉटेलात जेवायला आणून सोडलं. तीन वाजता बस परत निघणार होती. रखमाजींनी बसमधूनच गावाकडच्या मित्राला, सोनबाला, फोन लावला आणि संध्याकाळी पारावर फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं. काय काय खाल्लं ते एकेक करून सगळ्यांना ऐकवणार होते. पहाटेच्या चहानंतर पोटात काही नव्हतं, म्हणजे जागाही भरपूर होती.

आता अडीच वाजले होते आणि ताट कोरडं होतं. आधी सूपवाला आला, मग काड्यांना टोचलेलं पनीर आलं, मग रोट्या. तिघांनीही एकेकदाच विचारलं. तसं म्हटलं तर तीनदा विचारून झालं होतं, पण तीन माणसांनी तीन पदार्थांचं. ते काही खरं नव्हे.

समोर ठकुबाईंचं तिसरं ताट चाललं होतं. आल्या आल्या त्या पदर खोचून रांगेत शिरल्या होत्या. प्रत्येक झाकण उघडून वास घेत, डाव हलवून तळ बघत, हवं ते हवं तेवढं घेऊन आल्या होत्या. डाळीत पाणी घातलेलं नाही, हे त्यांनी नवऱ्याला दोनदा सांगितलं. भात मात्र आपल्या इंद्रायणीपुढं काही नाही म्हणाल्या, आणि अजून थोडा घेऊन आल्या.

शेवटी रखमाजींचा तोल गेला. चारचौघांत असं न विचारता उठून घ्यायचं म्हणजे काही लाजलज्जा आहे की नाही, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं.

ठकुबाईंनी घास गिळला. "मला कुणी कवा इचारलंय? पन्नास वर्सं झाली, पातेलं फुड्यात वडून हातानंच घेतीया."

यात तक्रार नव्हती. उद्या बाजार आहे म्हणावं तशा त्या म्हणाल्या आणि लोणच्याकडं वळल्या.

रखमाजी आठवू लागले. घरात सगळ्यात शेवटी चुलीपुढं बसणारी ठकुबाई त्यांना आठवली, पण तिच्या ताटात काय असायचं ते आठवेना. भाकरी उरायची की नाही, तेही आठवेना. लग्नांमधून तर ती कायम वाढणाऱ्यांत. तिच्या ताटावर कुणी वाकलंय, घ्या म्हणतंय, असं चित्र काही केल्या डोळ्यापुढं येईना. रखमाजींना वाईट वाटलं. माणूस उपाशी असला की वाईट जरा जास्तच वाटतं.

पावणेतीन वाजले. रखमाजी उठले.

मांडलेल्या पदार्थांपुढून ते एकटेच चालत गेले. बिर्याणीपाशी थांबले, पण पुढं गेले. जिलब्यांच्या परातीपाशी त्यांनी एक मोठी ताटली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं भरली. चांगली शीग लागेपर्यंत भरली. पाकाचा वास थेट पोटात गेला.

ताटली घेऊन ते टेबलाशी आले, पण बसले नाहीत. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी कमरेला बांधला, ठकुबाईंच्या बाजूला उभे राहिले आणि वाढप्यासारखे वाकले.

"घ्या," ते म्हणाले.

नवरा अहोजाहो कुणाला करतोय, म्हणून ठकुबाईंनी आधी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग पोट फुटेल, आता कण जाणार नाही, तुम्ही आधी दोन घास खा, असं सगळं त्या बोलून गेल्या. ते खरंही होतं.

"एकच घ्या वो. आमच्यासाठनं."

तेवढ्यात दारातून बसवाल्याची हाक आली. प्रवासी भराभर उठले. रखमाजींच्या खिशातला फोन वाजू लागला; सोनबाला संध्याकाळपर्यंत दम निघत नव्हता. त्यांना अजून सांगण्यासारखा एकही पदार्थ नव्हता, तरी ते जिलबी हातात धरून वाकलेलेच राहिले.

ठकुबाईंनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग "नगं बाई, नगं" म्हणत दोन्ही हात ताटावर आडवे धरले, आणि बोटं चांगली फाकवली.