पाचवी सवाष्ण

चौघींची हळद लावून झाली आणि पाचवी सवाष्ण गायब. नवरीची मामी गजरे आणायला निफाडला गेली होती, ती तिकडचीच झाली. पल्लवी पाटावर बसून नुसती चुळबुळत होती. सारखी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होती.

"नीट बस गं! नवरीनं एवढं हलतात का?" धोंडाआत्या खेकसली. भाऊ गेल्यापासून या घरात आत्या म्हणेल ते खरं.

दाराआड पल्लवीची आई उभी होती, कलाबाई. पहाटेपासून हळद कुटायला, चाळायला, कालवायला ती चालली. लावायला मात्र नाही, कारण नवरा गेलेला. काल पल्लवीनं यावरून घर डोक्यावर घेतलं, तर कलाबाईनंच तिला शपथ घातली. "माझ्या हातानं तुझ्या संसाराला काही झालं तर मी कुठं जाऊ?"

मांडवात खुर्चीवर मारिके बसली होती. हॉलंडची. दर हंगामाला द्राक्षं तपासायला पॅकहाउसमध्ये यायची, तिथंच कामाला असलेल्या पल्लवीशी तिची गट्टी जमली. बायांनी हौसेनं तिला हिरवी साडी नेसवली होती आणि पदर सावरता सावरता बिचारी घामाघूम झाली होती. आत्याची नजर तिच्या बोटातल्या अंगठीवर गेली.

"अगं, ही हाय की! लग्न झालेली बाई हाय. हिलाच बसवा. फोटो पण लय भारी येतील."

फोटो म्हटल्यावर काय, सगळ्यांचे मोबाइल वर आले. आत्यानं मारिकेला कुंकू लावलं, हातात आंब्याची पानं दिली. मारिकेनं ती हळदीत बुडवून पल्लवीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना बघून बघून टेकवली. बाया खूश. गालापाशी मात्र ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुझी आई कुठं आहे? आधी तिनं लावायला हवी ना?"

"काय म्हणती?" आत्यानं विचारलं.

पल्लवीनं सांगितलं.

"मग सांग तिला. नवरा गेलेली बाई हळद लावत नाय आमच्यात."

पल्लवी पाटाची कड चाचपू लागली. पण आत्या सोडते कुठली! "सांग की गं. समजू दे पाहुणीला." शेवटी तिनं मान खाली घालून सांगितलं. मारिकेनं हातातली पानं वाटीत ठेवली. हळू आवाजात काहीतरी बोलली आणि पाटापासून मागं सरकली.

"आता काय झालं?"

"तिचाही नवरा वारलाय," पल्लवी म्हणाली. "अंगठी तेवढी तिनं अजून काढलेली नाही. म्हणते, मला माहीत नव्हतं, चुकलं माझं."

मोबाइल खाली आले. आत्याची पंचाईत झाली. हळद तर पोरीच्या अंगाला लागून बसली होती, आता ती काय खरवडून काढायची? तिनं मारिकेचा दंड धरून तिला पुन्हा पाटाजवळ ओढलं.

"असू दे, असू दे. ती परदेशी हाय. तिला कुठं आपलं काही लागू हाय? लाव गं बाई, लाव."

बायांच्या जिवात जीव आला. "खरंच की," एकजण म्हणाली, "त्यांच्यात नसतंच तसलं."

पल्लवी पाटावरून ताडकन उठली. हळदीची वाटी तिनं हातात घेतली.

"मग आजच्या दिवस माझ्या आईलाही परदेशी समजा."

ती सरळ दाराशी गेली आणि वाटी आईपुढं धरली. कलाबाईनं आत्याकडं पाहिलं, बायांकडं पाहिलं. "नको गं पोरी, नको," म्हणता म्हणता तिची बोटं वाटीत गेली. हात वर आला, पण पोरीच्या गालाजवळ येऊन थांबला. पुढं काही जाईना.

पल्लवीनंच मान वाकवून गाल त्या हाताला लावला.