सुकडीची वाटणी

गोजरबाईनं त्या पोराला आजही वगळलं.

महानंदा बारदानाच्या सावलीत बसून बघत होती. त्र्याहत्तरचा उन्हाळा. कुंभारीच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या आणि त्यांची पोरं इथं, महानंदाच्या संस्थेच्या पाळणाघरात, गोजरबाईच्या हवाली होती. एका बाईला किती पोरं झेपतात, हे संस्थेला मोजून हवं होतं. त्यावरून पुढच्या पाळणाघरांचा आराखडा ठरणार होता. बी.एस्सी. झालेल्या महानंदाला निरीक्षण ठाऊक होतं. मध्ये बोलायचं नाही. जीव गुंतवायचा नाही.

गोजरबाईची डाव्या हाताची बोटं खडीत चेचली होती. हातोडा धरवत नव्हता; हेच एक काम उरलं होतं. उजव्या हातानं ती सुकडी, दुष्काळात मिळणारा भाजल्या पिठाचा कोरडा खाऊ, वाटत होती. सायराबानूच्या पोरीला मूठभर. कल्लप्पाच्या जुळ्यांना मूठ-मूठ. कोपऱ्यातल्या पोरापाशी आला की हात पुढं सरकायचा. सगळ्यांचं झाल्यावर त्याच्यापुढं डब्याच्या तळाचा चुरा पडायचा. ते रडलं, तरी तिनं उचललं नाही. मग ते रडायचंच थांबलं. हातपाय नुसत्या काड्या.

त्या पोराच्या आईशी हिचं काहीतरी वाकडं असणार, महानंदानं ताडलं. राग यायला हवा होता. पण या उन्हाळ्यात इतकं बघून झालं होतं, की आत काहीच हललं नाही.

"त्याला का देत नाही, गोजरबाई?"

"देते की. उरल्यावर."

"उद्यापासून दुसरी बाई येईल. आईवरचा राग पोरावर काढणारी मला नको."

गोजरबाईनं डबा खाली ठेवला.

"माज्या आदी एक व्हती. आपल्याच पोराला जास्ती देती म्हनून बायांनी हाकलली तिला." ती पदरानं हात पुसत राहिली. "ते माजं हाय, बाई."

महानंदा उठली. उद्यासाठी ठेवलेल्या पोत्यात तिनं हात घातला, मूठ भरली आणि गोजरबाईपुढं धरली.

"घ्या. भरवा त्याला."

गोजरबाईनं खडीच्या ढिगाकडं पाहिलं. तिकडचे दोन-तीन हातोडे थांबले होते.

"नगं," ती म्हणाली. "बाया बघायल्यात की."