रोलचा कॅमेरा

लेकीकडं सिंगापूरला जायचं, म्हणून मोहर्लीच्या लटारूभाऊंनी दोन कॅमेरे काढले. जावयानं धाडलेला डिजिटल आणि आपला जुना रोलचा. न्यायचा एकच होता. नवं लुगडं नेसून त्यांची बायको सुगंधाबाई अंगणाच्या टोकाला हसत उभी राहिली.

डिजिटलच्या पडद्यावर ती एकटीच दिसली.

मग ओसरीवरूनच त्यांनी रोलचा कॅमेरा दोन्ही हातांनी डोळ्याला लावला. सुगंधाबाई दिसली, आणि तिला खेटून तोंडभर हसत उभे असलेले लटारूभाऊ. जन्मभर त्यांनी सगळ्यांचे फोटो काढले होते, स्वतः मात्र एकाही फोटोत नव्हते. ते हरखूनच गेले.

"हाच नेऊ."

"न्या ना," सुगंधाबाई लाजली. "पण आंधी माह्या खांद्यावरचा हात काढा, लोकं पाहून राह्यले."