चौकशीचं तिकीट

"खेळाडू तेच, मैदान तेच, संडाससुद्धा तेच. मग तिकीट तिप्पट कशाचं?" बस ड्रायव्हरने कापडाच्या गठ्ठ्यावर थाप मारली.

टेलरमास्तरांच्या दुकानात चौघं जमले होते. एकोणीस वर्षांत देशाच्या संघाची शहरात झालेली एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती, आणि एकमेकांशिवाय पाहिलीही नव्हती. पूर्वेकडचा स्टँड, वरून तिसरी ओळ, लागून चार खुर्च्या.

"आंतरराष्ट्रीय मॅच म्हणजे दरही आंतरराष्ट्रीय, असं म्हणताहेत ते," मास्तरांचा साडू म्हणाला. तो दवाखान्यात कंपाउंडर होता आणि समोरच्याची बाजू मांडायची त्याला खोडच होती.

"मग पगारही आंतरराष्ट्रीय द्या म्हणावं," चौथा म्हणाला. शाळेत गोलकीपर असताना त्याने एकाच सामन्यात नऊ गोल खाल्ले होते. तेव्हापासून सगळे त्याला भिंत म्हणत, आणि पोस्टात चिकटल्यावरही ते नाव काही सुटलं नव्हतं.

"साधी गोष्ट आहे," ड्रायव्हर म्हणाला. "जायचंच नाही. स्टँड रिकामा दिसला की येतील वठणीवर."

"आणि गेलं कुणी तर?" मास्तरांनी मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"आपण चौघं तर नाही ना जाणार? सुरुवात आपल्यापासून."

हातावर हात ठेवून शब्द दिला गेला. मास्तरांनीही दिला. पण त्यांचा हात सगळ्यात वर होता आणि खालचे तीन त्यांना नीट दिसत नव्हते.

त्यांचा स्वभावच तसा. गिऱ्हाइकाने स्वतःच्या कमरेचा आकडा सांगितला तरी टेप लावल्याशिवाय त्यांना तो पटत नसे, आणि टेप लावल्यावरही ते अर्धा इंच जास्तच धरत.

आठवडा सरता सरता त्यांच्या मनात पाल चुकचुकायला लागली. साडू म्हणाला, टीव्ही बिघडलाय, तेव्हा मॅच आपापल्या घरीच बघू. ड्रायव्हरने रविवारची ड्यूटी बदलून घेतल्याचं कानावर आलं. आणि शुक्रवारी भिंत पँट घेऊन हजर. आतून चोरखिसा लावून हवा होता.

"गर्दीत कुठे निघालास?"

"कुठे नाही हो मास्तर. असावा आपला."

मास्तरांनी चोरखिसा लावून दिला, पण टाके घालताना डोक्यात तिसरंच चाललं होतं. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं. आपण शब्द पाळून घरी बसायचं आणि हे तिघं तिथे आपल्या खुर्चीवर पाय टाकून आपल्यालाच हसायचे. तिप्पट दराचं त्यांना जेवढं दुःख नव्हतं, तेवढं या विचाराचं झालं.

रविवारी दुपारी वसतिगृहात गणवेशाची मापं घ्यायला जातो असं बायकोला सांगून ते निघाले. तिकीटखिडकीवर पैसे काढताना हात जड झाला. हे मॅचचं तिकीट नाही, चौकशीचं आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि आत शिरले.

स्टँड खच्चून भरला होता. त्यांच्या चार खुर्च्यांवर एक अनोळखी कुटुंब बसलं होतं, आई-बाप आणि दोन मुली. मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं, पण संशय आणखीच बळावला. म्हणजे हुशारी करून दुसरीकडे बसलेत तर! ते ओळीमागून ओळ शोधत सुटले. टक्कल दिसलं की भिंत, जाड मान दिसली की ड्रायव्हर. एका शर्टाची शिलाई ओळखीची वाटली म्हणून ते थेट त्या माणसाच्या कॉलरपर्यंत जाऊन आले. शिलाई त्यांचीच होती, माणूस भलताच निघाला.

उत्तरार्धात अख्खं स्टेडियम एकदम ओरडून उठलं. गोल झाला होता. मास्तरांनी मात्र संधी साधली. सगळे उभे, सगळ्यांची तोंडं वर. ते एका खुर्चीवर चढले, मैदानाकडे पाठ केली आणि कपाळावर हात धरून एकेक चेहरा तपासू लागले.

तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, कुठे आहात?" ड्रायव्हर विचारत होता.

"तू कुठे आहेस?" मास्तरांनी लगेच उलट विचारलं.

"कंपाउंडरकडे. भिंतही इथेच आहे. टीव्ही सकाळी दुरुस्त झाला. तुम्हाला बोलवायला घरी फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, मापं घ्यायला गेलेत. आत्ता दिसलात टीव्हीवर. सगळं स्टेडियम गोल बघून नाचतंय आणि तुम्ही एकटेच मैदानाकडे पाठ करून उभे."

मास्तर हळूच खुर्चीवरून खाली उतरले. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो शिव्या देत नव्हता.

"मी मॅच बघायला नाही आलो रे," ते म्हणाले. "आपल्यातलं कुणी आलंय का, ते बघायला आलो."

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. तिघंही ऐकत होते.

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. "मग, कोण आलंय?"