दुरून काढलेले फोटो

आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी मी लॅपटॉपवर अल्बम जुळवत होते. एका पानावर घरचे, समोरच्या पानावर बाबांनी टिपलेले पक्षी. बाबा हातात कॅमेरा घेऊन सारखे मागे येऊन उभे राहत होते, पुन्हा बाल्कनीत जात होते.

“भिगवणचे फ्लेमिंगो राहू दे. ते फोटो हललेत,” ते पुन्हा म्हणाले.

बाबांचे फोटो कधी हलत नाहीत. मी ते फोल्डर उघडलंच.

सुरुवातीला फ्लेमिंगो होते. पुढे दादा होता. गॅलरीत टॉवेल वाळत घालणारा, लेकीला खांद्यावर घेतलेला, मग तिला सायकल शिकवणारा.

दादाने बाबांच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी घरात त्याचं नाव काढू दिलं नव्हतं. सोलापूरहून दर हिवाळ्यात ते भिगवणला जायचे. तिथून पुढे पुण्याला, दादाच्या घरापर्यंत जात होते, हे मला आज कळत होतं.

सगळे फोटो झाडाआडून, मोठ्या लेन्सने काढलेले.

“एवढं गेलात, तर हाक का नाही मारलीत?”

बाबांनी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“उडून गेला असता,” ते म्हणाले.