गाऱ्हाणं

रस्ता उकरताना जेसीबीनं गोकुळदासच्या गावाचा पाण्याचा पाइप फोडला. सरकारी इंजिनियर मात्र हात झटकून मोकळा. "पाइप गंजलेलाच होता, आपोआप फुटला. सरकार जबाबदार नाही!"

दुसऱ्या दिवशी गावच्या राखणदार देवाच्या घुमटीसमोर जेसीबी जो बंद पडला, तो काही केल्या हलेना. मजूर घाबरले. शेवटी इंजिनियर नारळ घेऊन गोकुळदासकडे आला, कारण देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा.

"घालतंय, सायबानू. पण चूक काय झाली ती देवाक तुमीच सांगूक व्हया."

इंजिनियरनं डोळे घट्ट मिटून हात जोडले. "देवा, पाइप आमच्याच जेसीबीनं फोडला. चुकलो!"



मागे मोबाइल उंचावून उभा असलेला अख्खा गाव गाऱ्हाण्याला साथ देत एका सुरात गरजला, "व्हय म्हाराजा!"